सात नंबरची पेटी आणि अर्धा फेरा ढिला स्क्रू

मला जुनी म्हणा, माझी हरकत नाही. पण खोकं म्हणू नका. खोकं बुटांचं असतं. मी पेटी आहे. ओक लाकडाची, पितळी कोपऱ्यांची, आणि घरंदाज.

मित्रांनो, माझ्या फळ्या आधी आमच्या गावच्या चर्चमध्ये तिसऱ्या ओळीतला बाक होत्या. चर्चनं नवे बाक केले तेव्हा हॅल्वर ट्वेटनं जुन्यातला एक मागून घेतला. म्हणजे पेटी होण्याआधी मी साठ वर्षं प्रवचनं ऐकली आहेत. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षर मला येत नाही. आकडे तेवढे येतात, कारण समोरच्या भिंतीवर दर रविवारी गाण्यांचे नंबर लागायचे. पण माणूस विचारात बसला आहे की नुसता झोपला आहे, ते मला त्याच्या बसण्यावरून कळतं. हे ज्ञान कुठल्या शाळेत मिळतं ते मला दाखवा.

हॅल्वर बंदुका दुरुस्त करायचा. अमेरिकेतल्या आमच्या विस्कॉन्सिनच्या थंडीत गावाला दुसरं काही सुचत नाही, तेव्हा त्याच्या हाताला काम सुचायचं. अशाच एका हिवाळ्यात त्यानं धाकट्या भावासाठी, ऑर्विलसाठी, दोन वस्तू केल्या. एक पिस्तूल आणि एक मी.

पिस्तूल आधी चारचौघांसारखंच होतं, कारखान्यातून आलेलं. हॅल्वरनं ते पूर्ण उघडलं. एकेक भाग घासला, बसवला, पुन्हा काढला, पुन्हा घासला. चाप इतका हलका केला की नुसत्या इच्छेनं ओढला जावा. मग ऑर्विलला बोलावून त्याच्या हातात ओल्या मातीचा गोळा दिला आणि म्हणाला, "दाब." त्या ठशावरून त्यानं अक्रोडाच्या लाकडाची मूठ कोरली. अक्रोड त्यांच्याच गोठ्यामागचा, वादळात पडलेला. ती मूठ ऑर्विलच्या हातात अशी बसायची की दुसऱ्या कुणी धरली तर बोटांना ती परकी वाटावी.

पिस्तुलाच्या टोकाला नेम धरायची माशी असते आणि मागे खाच. हॅल्वरनं मागची खाच हलणारी केली. दोन बारीक स्क्रू. एक फिरवला की नेम वर-खाली, दुसरा फिरवला की डावा-उजवा. फिरवताना टिक टिक वाजायचं. काम संपल्यावर त्यानं बारीक कुंचल्यानं दोन्ही स्क्रूंवर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून एकेक पांढरी रेघ ओढली.

"ऑर्व, ही रेघ सरळ आहे तोवर पिस्तूल बरोबर आहे. गोळी बाहेर गेली तर आधी स्वतःला विचार. मग स्क्रूला हात लाव."

"आणि स्वतःला विचारून काही कळलं नाही तर?"

"तर मला विचार. मी थोरला आहे."

मग त्यानं मला केलं. माझ्या पोटात हिरव्या बनातीचं अस्तर घातलं आणि त्या एका पिस्तुलाच्या मापाची खाच कापली. दुसरं पिस्तूल तिच्यात ठेवून पाहा, दाताच्या कवळीसारखं खुळखुळेल. झाकणाला आतून एक लोखंडी हात लावला आणि त्यावर दुर्बीण बसवली. झाकण उघडलं की दुर्बीण उभी राहायची, पन्नास यार्डांवरचा निशाणाचा कागद बघायला. तो माझा डोळा. हॅल्वरनं मला तोंडही दिलं असतं तर ही पुढची गोष्ट घडलीच नसती, पण ते असो.

लोक पिस्तुलाला "वा!" म्हणायचे. मला "जरा सरकव ती" म्हणायचे.

चांदमारीच्या मैदानावर एक लांब फळी आहे, बारा जणांच्या जागांची. आमची जागा सात नंबरची. मे महिन्यापासून बर्फ पडेपर्यंत दर रविवारी सकाळी आम्ही तिथे. एक हात पुढे ताणून, एकाच हातानं, दहा मिनिटांत दहा गोळ्या. प्रत्येक गोळीनंतर दुर्बिणीला डोळा लावायचा, भोक कुठे पडलं बघायचं, आणि त्यावरून पुढचा नेम सुधारायचा. कागदाला ते घड्याळ समजतात. वर बारा, खाली सहा. "सात वाजता गेली" म्हणजे खाली डावीकडे गेली.

हुकूम इर्माचा. ही बाई गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. चारशे मुलांना रांगेत जेवायला घातलेली. बारा म्हातारे तिला काय जड? तिचे दोन नियम सगळ्यांना पाठ. पहिला: पिस्तूल रिकामं करून, उघडं करून फळीवर ठेवल्याशिवाय कुणी एक पाऊल पुढे टाकायचं नाही. दुसरा: काडतूस अडकलं, सामानानं दगा दिला, तर ओरडायचं नाही. रिकामा हात सरळ वर करायचा आणि गप्प उभं राहायचं. इर्मा येणार, बघणार, आणि चूक मारणाऱ्याची नसेल तर म्हणणार, "पुन्हा मार." तेवढ्या गोळ्या जणू झाल्याच नाहीत.

आठ नंबरवर डेल्बर्ट प्रोचनाऊ. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, मधमाश्या पाळणारा, बोलायला कंजूष. मधमाश्यांसमोर हळू हात हलवणारा हा माणूस चाप मात्र हिसकायचा. त्यामुळे त्याची प्रत्येक गोळी सात वाजता. चाळीस वर्षं सात वाजता. इर्मा म्हणायची, "डेल्बर्ट, तुझ्या कागदावर घड्याळ लावून मी चहा ठेवते." तो हसायचा आणि शेजारी बघायचा. माझ्याकडे नाही. माझ्या पोटातल्या पिस्तुलाकडे.

"ऑर्व, कधी सोडायचं झालं तर मला सांग," वर्षातून एकदा म्हणायचा.

"माझ्या मढ्यावरून घे," ऑर्विल म्हणायचा. ऑर्विल दुधाचा टँकर चालवायचा. छत्तीस वर्षं एकाच रस्त्यानं गेलेला माणूस. त्याला बदल आवडत नाही.

दर वसंतात हॅल्वर आम्हा दोघांना आपल्या टेबलावर घ्यायचा. पिस्तुलाला एक तास आणि मला पाऊण तास. बिजागरीला तेल, कोपऱ्यांना पॉलिश, आणि खिशातल्या छोट्या पेचकसानं माझा एकेक स्क्रू घट्ट. म्हणायचा, "सामान धरणारंही सामानच असतं."

मग हॅल्वर विसरू लागला. पेचकस साखरेच्या डब्यात ठेवू लागला. नसलेली माणसं त्याला दारात दिसू लागली. ऑर्विलला तो वडिलांच्या नावानं हाक मारायचा आणि ऑर्विल "ओ" द्यायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला.

ऑर्विलनं पिस्तुलाची हयगय केली नाही. दर शनिवारी तेल, फ्लॅनेलचं फडकं, तान्ह्या बाळाचे लाड. आणि मी? माझ्या झाकणावर कॉफीच्या कपाची वर्तुळं. कोपरे काळे. त्यानंतरच्या एका मे महिन्यात त्यानं मला गाडीच्या मागच्या फळीवरून पाडलं. उचललं, "फुटली नाही ना" म्हणाला, आणि आत बघितलं ते पिस्तुलाला काही झालं का ते! मला झालं होतं. दुर्बिणीच्या हाताचा स्क्रू ढिला झाला होता. फार नाही. अर्धा फेरा.

आता नीट ऐका, कारण सगळं या अर्ध्या फेऱ्यात आहे.

ऑर्विल सकाळी दुर्बीण आपल्या सात नंबरच्या कागदावर लावायचा. पण बार झाला की फळी थरथरते. प्रत्येक थरथरीला दुर्बीण केसभर उजवीकडे सरकायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला आठ नंबरच्या कागदावर जाऊन विसावायची. दोन्ही कागद सारखेच. पांढरा चौकोन, मधे काळा गोल. नंबराची पाटी खूप खाली, दुर्बिणीत येत नाही. ऑर्विल मारायचा सातवर आणि बघायचा आठवर. तिथे ताजं भोक दिसायचं. सात वाजता.

"सात वाजता?" तो पुटपुटायचा आणि नेम जरा वर, जरा उजवीकडे फिरवायचा. टिक, टिक. पुन्हा मारायचा. पुन्हा सात वाजता. टिक, टिक.

ती भोकं डेल्बर्टची होती, मित्रांनो! ऑर्विल उन्हाळाभर शेजाऱ्याच्या चुकीवरून आपला नेम सुधारत बसला. पुढे जाऊन कागद काढायचा तेव्हा त्याच्या गोळ्या वर उजवीकडे, एक वाजता, काळ्या गोलाच्या बाहेर विखुरलेल्या. आणि सात वाजता, जिथे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी भोक पाहिलं होतं, तिथे कोरा कागद.

मला सगळं दिसत होतं. मी काय करणार होते? बिजागरी करकरवली. त्यानं दुर्लक्ष केलं.

सप्टेंबरात इर्मानं आकडा वाचला, "ऑर्विल ट्वेट, त्र्याहत्तर." हा माणूस एके काळी शंभरात पंच्याण्णवच्या खाली आला तर रात्रीचं जेवण सोडायचा. तिनं आकडा हळू वाचला, आणि इर्मानं आवाज हळू केला म्हणजे प्रकरण गंभीर.

सगळे पांगल्यावर ऑर्विल फळीपाशीच बसला. डेल्बर्ट आपलं सामान आवरत होता.

"डेल, चौथी गोळी मी मारली. दुर्बिणीत पाहिली. सात वाजता, आठ गुणांच्या वर्तुळात. तुला बघतोय तितकी स्पष्ट पाहिली. पुढे गेलो तर तिथे भोकच नाही."

"चष्मा बदल."

"जुलैत बदलला." ऑर्विलनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हॅल्वरचं असंच सुरू झालं होतं. नसलेलं दिसायचं."

डेल्बर्टनं आपल्या पेटीची कडी लावली. पुन्हा उघडली. पुन्हा लावली.

"तुझ्या काकाचं ते लष्करातलं पिस्तूल अजून आहे?" ऑर्विलनं विचारलं.

"आहे. कपाटात. त्याला काय होतंय!"

"ते मला दे. हे तू घे."

डेल्बर्टनं चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं आलं. आणि त्याला आनंद झालाय असं काही त्याच्या तोंडावर दिसेना. "अरे, हे हॅल्वरच्या हातचं आहे."

"म्हणूनच. उद्या माझं डोकं गेलं तर हे कुणा अडाण्याच्या हाती नको. तुझ्या त्या जुन्यात फिरवायला काही नाही. माशी आहे तिथे आहे, खाच आहे तिथे आहे. विसरण्यासारखं काही नाही त्यात. मला आता असंच काहीतरी हवं."

"घाई करू नकोस. पुढच्या रविवारी दोन्ही मारून बघ. मग सांग."

तो आठवडा मी स्वयंपाकघराच्या टेबलावर काढला. ऑर्विल जेवायचा, माझं झाकण उघडायचा, पिस्तूल हातात घ्यायचा. अक्रोडाची मूठ अजून तशीच बसायची; अंगठा जरा सुजला होता तरी लाकूड त्याला सांभाळून घ्यायचं. मंगळवारी त्यानं ठरवलं, द्यायचं नाही. बुधवारी ठरवलं, द्यायचं. गुरुवारी गाडीची किल्ली सापडेना, तर खुर्चीवर बसून राहिला, चेहरा पांढरा. किल्ली कोटातच होती, कुणाचीही असते. पण त्यानं फोन उचलला. "डेल, जुनं घेऊन ये. विसरू नकोस." आणि स्वतःच्याच शब्दावर चमकून फोन ठेवला.

रविवारी डेल्बर्टनं काकाचं पिस्तूल आणलं. रंग उडालेलं, कडा चमकणाऱ्या, मूठ तासून गुळगुळीत झालेली. कुणी त्याचा एक स्क्रू बदललेला नव्हता. मी नाक मुरडलं. मला नाक नाही, पण इच्छा असली की जमतं.

आधी हॅल्वरच्या पिस्तुलानं दहा गोळ्या. सात वाजता, टिक टिक, सात वाजता, टिक टिक. इर्मानं कागद मोजला. "एकाहत्तर."

मग काकाच्या पिस्तुलानं दहा. दुर्बिणीत त्याला पुन्हा सात वाजताची भोकं दिसली, पण फिरवायला स्क्रूच नाही! तो पुटपुटला, खांदे उडवले आणि सरळ मारत राहिला. "अठ्ठ्याऐंशी," इर्मा म्हणाली. "कोण म्हणतं हा म्हातारा झाला?"

ऑर्विल हसला नाही. त्यानं हात पुढे केला. डेल्बर्टनं तो धरला. आमच्याकडे हात मिळवला की व्यवहार झाला. कागद मागणाऱ्याला लोक वकील समजतात.

"ही पेटीही ने," ऑर्विल म्हणाला. "खाच त्याच मापाची आहे. माझ्या काय कामाची?"

काय कामाची! साठ वर्षं देवाचं ऐकलेली मी. चाळीस वर्षं त्याचं सामान पोटात सांभाळलेली मी. त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. चेरीची पाई, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, खायला क्लबच्या खोलीत निघून गेला. तो का वळला नाही ते मला आता कळतं. तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा मी बिजागरीतून त्याला काय काय म्हणाले ते इथे सांगत नाही.

बाकी सगळे आत. बाहेर फक्त डेल्बर्ट आणि इर्मा. "पाच मारू का, नव्या पिस्तुलानं?" त्यानं विचारलं. मी सातवरच होते, म्हणून तो सातवरच उभा राहिला. सात नंबरला कोरा कागद लावला, आठलाही पुढच्या रविवारचा कोरा कागद लावलेला होता.

पाच गोळ्या मारल्या त्यानं सलग, मधे न बघता. मग दुर्बिणीला डोळा लावला.

कागद कोरा. एक भोक नाही.

"पाचही बाहेर?" तो म्हणाला.

"बदकांचा हंगाम अजून लागला नाही, डेल्बर्ट," इर्मा मागून म्हणाली. "जमिनीकडे मार." आणि कॉफी आणायला गेली.

त्यानं पिस्तूल रिकामं केलं, उघडं ठेवलं, पन्नास यार्ड चालत गेला. परत आला तेव्हा हातात सात नंबरचा कागद होता. त्यानं तो माझ्यावर पसरला. पाच भोकं. पाचही काळ्या गोलाच्या मधोमध, कॉफीच्या कपाखाली झाकली जातील इतकी जवळ. डेल्बर्ट प्रोचनाऊच्या आयुष्यात अशी पाच भोकं पडली नव्हती.

तो कागदाकडे बघत राहिला. मग पिस्तूल उचलून स्क्रूंकडे बघितलं. पांढऱ्या रेघा कुठच्या कुठे सरकलेल्या. मग दुर्बिणीतून पुन्हा पाहिलं. मग वर मान करून पाट्यांकडे. मग बोटानं दुर्बीण हलवली. ती हलली.

ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याला यंत्र कुठे बोलतंय ते कळतं. "अरे देवा," तो म्हणाला.

तुम्हाला कळलं का, मित्रांनो? डेल्बर्टची गोळी नेहमी सात वाजता जायची. ऑर्विलनं उन्हाळाभर तीच भोकं बघून पिस्तूल टिक टिक करत उलट्या बाजूला फिरवलं होतं. म्हणजे न कळता त्यानं ते डेल्बर्टच्या हिसक्याला अगदी बरोबर बसवून ठेवलं होतं. गावात एकाच माणसाच्या हातात ते आता सोनं होतं. आणि त्या माणसानं ते राजीखुशीनं, हात मिळवून घेतलं होतं.

डेल्बर्टनं खिशातून एक नाणं काढलं. माझ्या त्या स्क्रूच्या खाचेत घालून फिरवलं. अर्धा फेरा. हॅल्वरनंतर पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघितलं, आणि तोच मला घेऊन जाणार होता. मग त्यानं पिस्तूल माझ्या पोटात ठेवलं, कागद घडी करून शर्टाच्या खिशात घातला, मला उचलून गाडीत शेजारच्या सीटवर ठेवलं. गाडीत मेणाचा आणि धुराचा वास. किल्ली फिरली. गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली.

उजवीकडे त्याच्या घराचा रस्ता. एकही गाडी येत नव्हती. थांबायचं काही कारण नव्हतं.

मी बाकाच्या जातीची. माणसाच्या बसण्यावरून मला कळतं. हा झोपलेला नव्हता.

त्यानं गाडी मागे घेतली.

सात नंबरच्या फळीवर त्यानं मला ठेवलं, झाकण उघडलं, दुर्बीण सातवर लावली. ऑर्विल काचेतून बघून बाहेर आला, हातात पाईची बशी.

"काय विसरलास?"

डेल्बर्ट फळीमागे सरळ उभा राहिला आणि डावा, रिकामा हात वर केला. अगदी वर.

"वेडा झालास का? कुणी मारत नाहीये!"

पण इर्माच्या पायांना सवय. हात दिसला की त्या पायांना यावंच लागतं. "काय अडलं?" ती म्हणाली.

"सामान अडलं. उन्हाळाभर अडलंय," डेल्बर्ट म्हणाला. त्यानं नाण्यानं माझा स्क्रू पुन्हा अर्धा फेरा ढिला केला आणि फळीवर दोन गुद्दे मारले. "ऑर्व, डोळा लाव."

ऑर्विलनं बशी माझ्यावर ठेवली (माझ्यावरच!) आणि वाकला. दुर्बिणीत कोरा कागद. त्यानं मान वर करून पाहिलं. पुन्हा दुर्बिणीतून. पुन्हा वर.

"हा आठ नंबर आहे."

"हो."

"म्हणजे मला सात वाजता जी भोकं दिसत होती..."

"माझी. या गावात सात वाजता दुसरं कोण मारतं?"

ऑर्विल हळूहळू बाकावर बसला. हात मांडीवर, तळवे वर. मग म्हणाला, "म्हणजे ती होती."

"होती ना."

"मी पाहिली ती होती. मला नसलेलं दिसत नव्हतं." त्यानं फळीवर थाप मारली. "डेल, ती भोकं होती रे!"

"चाळीस वर्षं आहेत. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"तुझं डोकं शाबूत आहे," इर्मा म्हणाली. "म्हणजे पूर्वी जेवढं होतं तेवढं. जास्तीची आशा ठेवू नकोस." आणि एप्रनच्या टोकानं डोळे पुसले, वाऱ्यानं पाणी येतंय असं सांगून. वारा नव्हता.

डेल्बर्टनं खिशातला कागद काढून दाखवला. ऑर्विलनं पाच भोकं बघितली आणि टोपी मागे सारली. "हे तुझ्या हातात असं मारतं? मग ठेव. हात मिळवलाय आपण. दिलं म्हणजे दिलं."

"नको."

"ठेव म्हणतोय ना!"

"ए म्हाताऱ्यांनो," इर्मा म्हणाली, "त्याचा हात अजून वर आहे. नियम काय? चूक मारणाऱ्याची नाही, सामानाची. झालं ते झालंच नाही. पुन्हा मार."

सामानाची! सगळं माझ्यावर. पण खरं होतं ते, म्हणून मी गिळलं.

डेल्बर्टनं हात खाली घेतला. काकाचं पिस्तूल काकाच्या पुतण्याकडे गेलं आणि हॅल्वरचं पिस्तूल ऑर्विलच्या मुठीत आलं. ऑर्विलनं चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रू उलटे फिरवू लागला. टिक. टिक. टिक. मी मोजत होते. एकवीस टिकांनंतर पांढऱ्या रेघा समोरासमोर आल्या आणि त्याचं बोट आपोआप थांबलं.

डेल्बर्टनं माझा स्क्रू घट्ट केला. ऑर्विलनं दहा गोळ्या मारल्या, प्रत्येकीनंतर डोळा लावला, आणि एकदाही स्क्रूला हात लावला नाही. कागद आणला. इर्मानं मोजला, पुन्हा मोजला.

"शहाऐंशी."

"जुन्यानं अठ्ठ्याऐंशी मारले होतेस," डेल्बर्ट म्हणाला. बोलायला कंजूष, पण जिथे गप्प बसावं तिथे बरोब्बर बोलतो.

"हो," ऑर्विल म्हणाला. त्यानं कागद उन्हात धरला आणि एकेका भोकावर बोट ठेवत गेला. "पण हे सगळे मला दिसले तिथेच आहेत."

आणि उरलेली पाई त्यानं डेल्बर्टला दिली.

आता वर्षातून एकदा, डेल्बर्टच्या वाढदिवसाला, ऑर्विल एकवीस टिक तिकडे फिरवतो आणि म्हणतो, "मार, राजा." डेल्बर्ट पाच मारतो, पाचही मधोमध, आणि लहान मुलासारखा लाल होतो. मग एकवीस टिक परत.

माझ्या पोटात आता हॅल्वरचा छोटा पेचकस असतो. साखरेच्या डब्यातून शोधून आणलेला. कोपऱ्यांना पॉलिश आहे. कॉफीची वर्तुळं घासूनही गेली नाहीत. त्याला मी माफ केलं आहे, सहजासहजी नाही.

मित्रांनो, मी अडाणी बाई, तुम्हाला काय शिकवणार? पण एवढं ऐका. ज्याला लोक "वा!" म्हणतात त्याला तुम्ही तेल लावता, पुसता, जपता. त्याला धरून बसलेल्या बिजागरीकडे, पायाकडे, स्क्रूकडेही कधी बघा. आणि हातातलं जुनं सोडून दुसरं घ्यायला निघालात, स्वतःलाच निकामी ठरवायला निघालात, तर त्याआधी वाकून एकदा आमच्यावर बोट ठेवून बघा. हलतंय का काही? अर्धा फेरा द्या. एखाद्या माणसाचा अख्खा उन्हाळा तेवढ्यात वाचतो. आणि हो, गरम कप ठेवायचा असेल तर खाली काहीतरी घाला.